तपकिरीवर तरलेला रंग

शाळेच्या मागे कडुनिंबाला टेकवून एक मोडकं सागवानी दार ठेवलेलं असे. वर्षानुवर्षं तेलपाणी खाऊन ते गडद तपकिरी झालं होतं. मधल्या सुट्टीत दौलत मडावी सर त्या दारावर रंगीत कागदाचा एक तुकडा टाचत आणि दाराकडे तोंड ठेवून उलटे चालू लागत. हात पाठीशी, मान किंचित कलती, नजर त्या तुकड्यावर. तुकडा दाराच्या रंगात विरून गेला की ते थांबत आणि मोठ्याने म्हणत, "बुडला!" एकदा पावसाळ्यात असेच उलटे जाता जाता ते कुंपणाच्या फटीतून शेजारच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाठीवर पडले. रोवणी करणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. सर चिखलात बसूनच ओरडले, "हसा, हसा! पण पिवळा अजून दिसून राह्यला, पाहा!"

सानिका, परवा व्हिडिओ कॉलवर तू मला तुझ्या घरातला नवा सोफा दाखवलास. गडद तपकिरी, जवळजवळ काळा. "आजी, याच्याबरोबर कुठल्या रंगाचे पडदे शोभतील?" असं तू विचारलंस आणि मी "विचार करून लिहिते" असं म्हणाले. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न मी आयुष्यात एकाच माणसाला विचारला होता. त्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही. ईशान, तूही वाच. तुम्ही दोघांनी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि आता पाहता येणार नाही.

तुमचे आजोबा औष्णिक वीज केंद्रात होते, म्हणून आमचं बिऱ्हाड ऊर्जानगरला. मी मात्र पोंभुर्ण्याच्या पुढे जामटोला नावाच्या गावात इंग्रजी शिकवत असे. सोमवारी जायचं, शनिवारी परत यायचं. गावाच्या तिन्ही बाजूंना जंगल. मडावी सर त्याच गावचे, गोंड घरातले. चंद्रपूरला चित्रकलेची पदविका घेऊन आपल्याच गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले होते. उंच, सडपातळ, केस तेलाने चापून बसवलेले. बोलणं गावचंच ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हाला प्रमाण मराठी छान येते, मग बोलत का नाही?" ते म्हणाले, "येते ना बाई. पेटीत इस्त्री करून ठेवली हाये. साहेब आले की घालतो."

रंगांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. लाल, निळा, हिरवा हे रंग आपापलं पाहून घेतात, त्यांची काळजी करू नये. काळजी करायची ती तपकिरीची. "तपकिरी म्हणजे बोडीचं पाणी, बाई," ते म्हणत. बोडी म्हणजे इकडचं लहान तळं. "गढूळ असते, खोल असते. त्यात काय टाकता ते पाहा लागते. काही बुडते, काही तरते." आमच्याकडे सगळंच तपकिरी, हे त्यामागचं कारण. साग, ऐन, तेंदू, वाळलेली पानं, घराच्या भिंतींचा खालचा पट्टा, चैत्र-वैशाखातलं अख्खं जंगल. "आमी तपकिरीतच राहतो. मंग तिच्यासंगं कोण राहू शकते हे आमालेच समजलं पाहिजे ना?"

आमच्या मुख्याध्यापकांनी एका वर्षी सगळी दारं चॉकलेटी रंगवून घेतली आणि त्यांवर हिरव्या रंगात नावं लिहवली. सरांनी आधीच सांगितलं होतं, ऐकलं नाही. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे 'कार्यालय' शोधत शोधत तांदळाच्या कोठीत शिरले आणि बराच वेळ पोत्यावर बसून राहिले. त्यांना वाटलं, इथली बैठक अशीच असते. सर मला हळूच म्हणाले, "हिरवा बुडला, पाहुणा पण बुडला."

माझ्या आईचं सागवानी कपाट ऊर्जानगरच्या घरात आलं तेव्हा मी त्यांना विचारलं, भिंतीला कोणता रंग लावू? ते रविवारी बसने आले. खिशात कागदाचे तुकडे. आजोबांना वाटलं, माणूस जेवायला आला आहे. पण सर आधी कपाटासमोर उभे राहिले आणि एकेक तुकडा लावत बोलू लागले. सानिका, तुला हवं आहे ते उत्तर बहुतेक इथेच आहे. सायीचा रंग लावून म्हणाले, "हा जुना सोबती. कधी भांडत नाई. पण तुमच्या इथी राख उडते, दिवाळीपर्यंत हा पण तपकिरीच होईल." करडा लावला आणि लगेच काढला, "हे म्हणजे दोन आजारी माणसं एका खाटेवर." मोरपंखी लावून बराच वेळ पाहत राहिले. "श्रीमंत दिसते. पण थोडाच ठेवा, उशीले, पडद्याले. भिंतभर लावला त घरात कोणी हसणार नाई." फिका, मातकट गुलाबी त्यांना आवडला होता. शेवटी त्यांनी मोहरीचा पिवळा निवडला. हळदीचा नव्हे, मोहरीचा, थोडं पाणी घालून फिका केलेला. मग स्वयंपाकघरापर्यंत उलटे चालत गेले, आजोबांच्या पायावर पाय दिला आणि तिथूनच म्हणाले, "तरला!" ती भिंत अजून त्याच रंगाची आहे. तुम्ही लहानपणी तिच्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारल्या होत्या.

इतका वेळ मी हसऱ्या गोष्टी सांगितल्या, कारण पुढे त्या नाहीत.

सरांचं लग्न झालं नव्हतं. घरी ते आणि त्यांची मोठी बहीण. सगळं गाव तिला अक्का म्हणे. लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि या भावाला तिने वाढवलं. तिची जीभ फार तिखट. मी गेले की म्हणायची, "बसा बाई. चहा मी देते. हा तुमाले रंग पाजल." भावाला म्हणायची, "दौलत, तुया कागदाची भाजी होते काय रे?" पण घराच्या भिंती तिच्या हाताच्या होत्या. खाली गुडघाभर गडद तपकिरी मातीचा पट्टा, वर पांढऱ्या मातीचं सारवण, आणि दोन्हींच्या मध्ये बोटाने ओढलेली गेरूची एक रेघ. सर एकदा ती रेघ दाखवून मला म्हणाले, "मी पदविका घेतली त्याच्या आधीच हे पाह्यलं होतं." अक्का लगेच म्हणाली, "मंग पदविका कायले घेतली? बसचा पैसा वाचला असता."

चैत्रात मोह फुलतो. फुलं रात्रभर गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. गुरं आणि हरणं यायच्या आत ती वेचावी लागतात. म्हणून उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात आणि वाकून, खाली पाहत वेचत राहतात. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं जाणते लोक सांगतात. त्या वर्षी मोहाच्या सुरुवातीलाच शेजारच्या गावचा एक माणूस वाघाने नेला. गावात सगळे हळू आवाजात बोलू लागले. अक्का मात्र दुसऱ्याच दिवशी टोपली घेऊन निघाली. सरांनी वाट अडवली. ती म्हणाली, "मोह काय तुया शाळेसारखा हाये? सुट्टी दिली अन् मंग भरली? आता गळते त आताच वेचा लागते."

तेव्हा गावाचा वनरक्षक पेंदाम नावाचा एक मनमिळाऊ तरुण होता. तो सरांचाच जुना विद्यार्थी. जंगलात शिरणाऱ्या पायवाटांवर सावधानतेच्या पाट्या लावायचं ठरलं तेव्हा तो त्या घेऊन सरांकडे आला. पाट्या गडद तपकिरी रंगवून आल्या होत्या. जंगलात उठून दिसू नयेत, प्राण्यांना बुजवू नयेत म्हणून तळ तोच ठेवायचा होता. "अक्षरं तुमी म्हणाल त्या रंगात, सर," पेंदाम म्हणाला. "फक्त लोकं थांबले पाहिजे."

मी सरांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. शाळेमागचं दार सोडून ते आता खऱ्या पायवाटेवर जाऊ लागले, पहाटेच्याच उजेडात, कारण बाया तेव्हाच जातात. पाटी खांबाला बांधायची, रंगाचा एक पट्टा लावायचा आणि गावाकडे उलटं चालत यायचं. पेंदाम काठी घेऊन त्यांच्या पाठीमागे, म्हणजे त्यांच्या पुढे. मीही दोन-तीनदा गेले. पिवळा वाळक्या पानांत बुडाला. पांढरा चांगला तरला असं वाटलं, पण तिथे पांढऱ्या सालीची कुलूची झाडं खूप. थोडं लांब गेलं की पाटी कोणती आणि झाड कोणतं ते कळेना. निळा त्या उजेडात काळाच दिसत होता. लालही अर्धा बुडाला.

शेवटी त्यांनी शेंदरी लावला. त्याला पांढरी बारीक किनार. आणि तो कुठेच बुडेना. वाटेच्या वळणापर्यंत आलो, तरी झाडांमधून तो निखाऱ्यासारखा दिसत होता.

मी म्हटलं, "सर, पळस फुलला की यात मिसळेल."

"मोह गळते तवा पळस झडून गेला असते, बाई."

"आणि हा तर देवाचा रंग. वाघोबाच्या दगडाला लावतात तोच."

"म्हणूनच त!" ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "बाकीच्या रंगापुढून माणूस सरळ चालत जाते. देवाच्या रंगापुढून कोणी तसा जाते काय? पाय आपोआप थांबते. मले फक्त थांबवाचं हाये. थांबला माणूस की वाचते, वाचला की परत फिरते."

आमच्या गावात जवळजवळ सगळ्यांना वाचता येत होतं. अक्कालाही येत होतं, सरांनीच शिकवलं होतं. त्यामुळे मलाही ते पटलं. त्यांनी चार दिवस घरासमोर बसून सगळ्या पाट्या लिहिल्या. मोठी, टपोरी अक्षरं: 'पुढे वाघ आहे. आत जाऊ नका.' वर वाघाचं तोंड काढलं, तेही शेंदरी. अक्का ओट्यावरून पाहत होती. ती म्हणाली, "वाघ मातर साजरा काढला रे. अगदी आपल्या ठान्यावरचा वाटते." ठाना म्हणजे जंगलातली वाघोबाची, वाघदेवाची जागा. सर खूश झाले. तिने त्यांची स्तुती केल्याचं मी तेवढंच एकदा ऐकलं.

पाट्या लागल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात पेंदाम शाळेत आला. "सर, लोकं थांबून राह्यले," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता. "तुमी एकदा चला."

आम्ही तिघे गेलो. मोठ्या पायवाटेवरच्या पाटीच्या बुडाशी कोणीतरी एक गोल दगड आणून ठेवला होता. त्याला शेंदूर फासलेला. पुढे फोडलेल्या नारळाची करवंटी, जळून गेलेली उदबत्ती आणि मोहफुलांचे छोटे छोटे ढीग, प्रत्येकीने आपल्या टोपलीतली पहिली मूठ वाहिलेली. आम्ही पाहत असतानाच दोन बाया जंगलातून भरल्या टोपल्या घेऊन परत आल्या. पाटीपाशी थांबल्या, टोपली एका हाताने सावरून वाकल्या, "जोहार" म्हणाल्या आणि सरांना पाहून हसल्या.

"सर, लय चांगलं केलं तुमी," एक म्हणाली. "आदी ठाना लय आत होता. आता जाताना इथीच हात जोडता येते."

सरांनी पाटीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. मग ते म्हणाले, "मंगलाबाई, काय लिवलं हाये ते वाचलं नाई काय तुमी?"

"वाचलं ना. पुढं वाघ हाये म्हणते."

"मंग?"

"मंग म्हणून त हात जोडले!" मंगलाबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "वाघ नसता त काऊन जोडले असते?"

मुलांनो, शहरातली माणसं ही गोष्ट ऐकून हसतात. मी ती एकदा कॉलनीत सांगितली तेव्हा हसली होती, म्हणून पुन्हा सांगितली नाही. त्या बाईचं बोलणं मला त्या क्षणी अगदी सरळ वाटलं. मोह वेचायला तर जायचंच होतं. त्यावर वर्षाची मीठमिरची अवलंबून. मग ज्याच्या घरात शिरायचं त्याला सांगून शिरावं, एवढंच त्यांच्या हातात होतं. आजवर ते दूरच्या दगडापाशी सांगत. सरांनी तो निरोप वेशीजवळ आणून ठेवला. आणि पूर्वी ज्या बाया भीतीने आत जात नव्हत्या, त्याही आता हात जोडून जाऊ लागल्या.

सर त्या संध्याकाळी पेंदामला म्हणाले, "खरवडून टाकतो. दुसरा रंग लावतो. बुडला तरी चालते." पेंदाम मान खाली घालून म्हणाला, "सर, आता कोणी हात लावू देईल काय?" तरी ते दुसऱ्या दिवशी पत्र्याची पट्टी घेऊन गेले. पाटीपुढे अक्काच बसली होती, चार बायांना घेऊन. मी हे सरांकडूनच ऐकलं. अक्का म्हणाली, "देव खरवडतोस? आपल्या बापानं पोसला तो देव?" ते म्हणाले, "अक्का, तो देव नोहे, तो मी केलेला बोर्ड हाये." ती म्हणाली, "आपल्या ठान्यावरचा कोणी केला? तो पण कोणी तरी मानसानंच केला ना?" सर पट्टी घेऊन परत आले. मला म्हणाले, "तिच्यासंगं बोलून जिंकलो असा एक दिवस दाखवा, बाई." ते हसले. पुढे म्हणाले, "अन् खरं सांगू? माया हात पण उचलत नव्हता. माया बापाचाच त देव तो."

अक्का मोहाच्या शेवटच्या दिवसांत गेली. मी त्या सकाळी गावातच होते. इतर बाया परत आल्या, ती आली नाही. माणसं डबे, थाळ्या वाजवत गेली. सरही गेले. आधी टोपली सापडली, अर्धी भरलेली. बाकीचं मी तुम्हाला लिहिणार नाही.

मातीच्या दिवशी सर रडले नाहीत. लोक येत होते, बसत होते, जात होते. एकानेही सरांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. लोक आपसात दुसरंच बोलत होते. अक्का त्या दिवशी घाईत होती. थांबलीच नसणार. हात जोडले नसणार. नाहीतर असं कसं होईल? संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर सर माझ्याजवळ येऊन बसले.

"लोकं म्हणून राह्यले, अक्कानं हात जोडले नाई."

"मी ऐकलं, सर."

"तिच्या पदराच्या गाठीत खोबऱ्याचा तुकडा होता, बाई. ओला. त्याच दिवसाचा." मग म्हणाले, "ती थांबली होती. वाचलं पण असन, मीच त शिकवलं. थांबली, हात जोडले, परसाद घेतला, अन् गेली."

हे त्यांनी गावाला सांगितलं की नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं. ते म्हणतात, मंग मनापासून जोडले नसतील."

त्यानंतर त्यांनी काय काय केलं ते मी थोडक्यात सांगते. पेंदामकडून गडद तपकिरी रंगाचा डबा मागून घेतला आणि एका दुपारी, वाटेवर कोणी नसताना, मोठ्या पायवाटेवरची पाटी पूर्ण तपकिरी करून टाकली. अक्षरं नाहीत, वाघ नाही, काही नाही. त्या वेळी मात्र त्यांचा हात उचलला गेला. आठ दिवसांनी गेले तर कोरड्या तपकिरीवर कोणीतरी बोटांनी शेंदूर फासला होता. पाच बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. मग त्यांनी पुन्हा तपकिरी लावला नाही. पुढच्या चैत्राआधी गावकऱ्यांनी वर्गणी काढून ती पाटी सरांच्याच नमुन्यावरून पुन्हा रंगवून घेतली. पोंभुर्ण्याचा पेंटर आला होता. त्याने शेंदरी अचूक जुळवला.

मी सरांना खूप सांगितलं. पेंदामला घेऊन गावात सभा लावा, बायांनी गटाने जावं असं ठरवा, झाडाखाली जाण्यापूर्वी डबे वाजवा. यांतलं सगळं झालं. थोडे दिवस चाललं. गटाने गेलं तर झाड वाटून घ्यावं लागतं, आणि वाटलेल्या झाडाखाली टोपली भरत नाही. मग बाया पुन्हा एकेकट्या जाऊ लागल्या. सर सभेत मागे बसत. बोलत नसत.

शाळेमागचं ते दार त्यांनी स्वयंपाकाच्या चुलीसाठी देऊन टाकलं. उलटं चालणं बंद झालं. मुलं कधी कागदाचा तुकडा घेऊन येत, "सर, हा बुडते का तरते?" तेव्हा ते म्हणत, "दोन्ही एकच, लेका. जा, खेळ." वर्गात ते पूर्वीसारखे नीट शिकवत, पण रंगपेटीतला तो एक रंग मुलांच्या हातात देत नसत. आंब्याला, सूर्याला, झेंडूलाही नाही. मुलं पिवळ्यात लाल मिसळून गुपचूप बनवत. सरांना कळे. ते खिडकीबाहेर पाहत राहत.

मी निवृत्त झाले, नंतर तेही झाले. वर्षातून दोन-तीनदा मी जामटोल्याला जात असे. अक्का गेल्यावर घराच्या भिंती कोणी सारवल्या नव्हत्या. पांढरी माती झडत झडत खालचा तपकिरी पट्टा आणि वरची भिंत एकच झाली होती. मधली गेरूची रेघ शोधावी लागे. शेवटच्या भेटीत ते खाटेवर पडून होते. छाती भरलेली, आवाज अगदी खोल. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "सर, तुमची मोहरीची भिंत अजून तशीच आहे. सगळे विचारतात, रंग कोणी निवडला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "तुमची भिंत चांगली, बाई. तिच्यापुढं कोणी थांबत नाई." थोड्या वेळाने पुन्हा, "मी पिवळा लावाले पाह्यजे होता. बुडला असता, कोणी हात जोडले नसते. लोकं घाबरून घरी राह्यले असते."

मी म्हटलं, "मोह गळत असताना कोण घरी राहिलं असतं, सर?"

ते कसंनुसं हसले. "अक्का पण हेच म्हणाली असती."

ते गेल्या पावसाळ्यानंतर गेले. मला दुसऱ्या दिवशी पेंदामचा फोन आला. त्यांना अक्काशेजारीच पुरलं आहे, जंगलाच्या कडेला. मी पोचले तेव्हा माती बसायची होती. रात्री गावातच राहिले आणि पहाटे निघताना पेंदामला म्हटलं, मला ती पाटी बघायची आहे. तो आता पोक्त झाला आहे, केस पिकले आहेत. तो माझ्याबरोबर आला. पाटीच्या बुडाशी आता सिमेंटचा ओटा आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे. शेंदरी रंग ताजा होता. 'पुढे वाघ आहे. आत जाऊ नका.' एक अक्षरही पुसट नव्हतं.

सानिका, तुझ्या सोफ्याला मोहरीचा पिवळा लाव, किंवा साय, किंवा मोरपंखी थोडासा. सरांनी जे सांगितलं ते मी वर लिहिलं आहे. तुझ्या घरात ते बरोबरच ठरेल, कारण तिथे पडद्याने फक्त शोभायचं आहे.

त्या दिवशी मी पाटीकडे तोंड ठेवून उलटी चालत रस्त्याकडे निघाले. या वयात पेंदामने माझा दंड धरला होता. वाटेच्या वळणापाशी आलो. सकाळ नुकतीच झाली होती. गावाकडून एक बाई काड्या वेचायला निघालेली, आमच्या बाजूने पुढे गेली. पाटीपाशी थांबली. वाकली. हात जोडले. मग आत शिरली. आधी तिची टोपली बुडाली, मग लुगडं, मग केसांचा अंबाडा. पाटी मात्र तिथून, रस्त्यावरून, आणि नंतर बसच्या मागच्या काचेतूनही दिसत राहिली.